उरलेला वायसर

मराठी शिकवणाऱ्या माणसाचे आणि पान्या-पेचकसाचे फारसे सख्य नसते. माझे तर मुळीच नव्हते. घरातला पंखा कुरकुरला तर वायरमनची वाट पाहत चार दिवस उकाड्यात काढणारा माणूस, असा माझा लौकिक. अशा माणसाने गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत हैदराबादेत बसून विजेची सायकल जोडली, असे मी शिक्षकखोलीत सांगितले तेव्हा आमच्या विज्ञानाच्या सरांनी 'चालली का?' एवढाच प्रश्न विचारला. चालली. परंतु चालण्याआधी ती एकदा कशी चालली नाही, हे मी त्या दिवशी सांगितले नाही. ते आज लिहितो आहे.

आम्ही सरहद्दीवरची माणसे. धर्माबादेहून गाडीत बसले की बासर, मग गोदावरीचा पूल, मग निजामाबाद, आणि डब्यातल्या मराठीची हळूहळू तेलुगू होत होत काचीगुडा येते. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आमचा सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे माझ्या आजोबांना हैदराबाद हे कोर्टकचेरीचे गाव, वडिलांना खरेदीचे आणि मला शिक्षणाचे. १९९० साली मी उस्मानिया विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए.ला नाव घातले आणि मीटरगेजच्या गाडीतून ट्रंक घेऊन काचीगुड्याला आक्काच्या दारात उतरलो. दोन खोल्या आणि शहाबादी फरशीचा एक व्हरांडा, एवढे ते घर. त्यात ती चौघे, मी पाचवा.

दाजी आझमाबादच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. त्यांची काळी, बावीस इंची, सळईच्या ब्रेकची सायकल होती. रोज सकाळी ते मला कॅरिअरवर बसवून विद्यापीठाच्या वाटेवर सोडत आणि मग कामावर जात. चढ लागला की मी म्हणे, "दाजी, उतरतो." ते पायडलवर उभे राहून दम टाकत म्हणत, "बस. पुस्तकं पडतील." दोन वर्षे मी त्या कॅरिअरवर बसून शिकलो. माझ्या पदवीपत्रावर विद्यापीठाची मोहर आहे. पण ते ओढून आणले त्या माणसाच्या पोटऱ्यांनी, हे मला कधी विसरता आले नाही.

आता दाजी सत्तरी ओलांडून गेले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. सपाटीवर सावकाश सायकल चालवायला हरकत नाही, पण चढावर दम लागू द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हैदराबादेत चढ टाळून सायकल चालवायची म्हणजे पाण्यात राहून भिजायचे नाही म्हणण्यासारखे. कोठीजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाण्याचा दाजींचा वर्षानुवर्षांचा नेम सुटला. रिक्षाने जा म्हटले तर म्हणत, "पेपर वाचायला रिक्षा? लोक हसतील." मे महिन्यात मी गेलो तेव्हा ते व्हरांड्यात खुर्चीवर बसून होते. समोर भिंतीला टेकलेली सायकल, दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले. ज्यांचे हात कधी रिकामे पाहिले नव्हते, ते हात मांडीवर पालथे पडले होते.

पलंगाखाली एक खोके होते. भाची गच्चीबावलीकडे नोकरीला होती. तिकडे बाह्य वळणरस्त्याच्या कडेने २३ किलोमीटरचा, सौर छताचा सायकलमार्ग २०२३ च्या १ ऑक्टोबरला सुरू झाला. त्या उत्साहात तिने साध्या सायकलीला विजेची मोटार बसवण्याचे सामान आणले, आणि पुढे तिची पुण्याला बदली झाली. खोके तसेच राहिले. मी ते ओढून व्हरांड्यात आणले आणि म्हणालो, "दाजी, ही जोडू." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कोण जोडणार? तू?" "तुम्ही सांगा, मी जोडतो." कितीतरी दिवसांनी ते हसले, असे आक्का नंतर म्हणाली.

खोक्यात मुख्य ऐवज म्हणजे मागचे चाक. त्याच्या तुंब्यातच मोटार. ही काही आजची कल्पना नव्हे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाने १८९५ साली मागच्या तुंब्यात मोटार असलेल्या सायकलीचे पेटंट घेतले होते. अडले होते ते बॅटरीपाशी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली तेव्हा हलक्या वजनात पुरेशी वीज बरोबर नेणे शक्य झाले. पायडल मारले तरच मोटारीने हातभार लावायचा, ही युक्ती जपानच्या यामाहाने १९९३ साली विक्रीला आणली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मोटार २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की असली सायकल मोटारवाहनात मोडत नाही. लायसन नको, नंबर नको. हे ऐकून दाजी म्हणाले, "म्हणजे सायकलच. बरं झालं."

माझ्या मनात मोटार त्या काळ्या सायकलीलाच बसवायची होती. गल्लीच्या तोंडाशी बसणारे म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी चाक हातात फिरवले, जुन्या चाकावरून बोट फिरवत भोके मोजली आणि म्हणाले, "नक्को साब. इसमें चालीस छेद, मोटर में छत्तीस. नहीं बैठता." जुन्या मागच्या रिमला ४० स्पोक, मोटारीच्या तुंब्याला ३६, हे गणित कोणत्याच घराण्याच्या भावनेने सुटणारे नव्हते. शिवाय खोक्यातले चाक २६ इंची, सायकल २८ ची. ते बसवले तर सळईचे ब्रेक रिमपर्यंत पोचणार नाहीत. मी हिरमुसलो. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, "लोखंड आहे ते, मास्तर. त्याला जमतं तेवढंच करतं." त्यांनी जुन्या सायकलीची घंटी आणि चामड्याची सीट काढून ठेवायला सांगितली. मिस्त्रींनी गिअर नसलेली, डिस्क ब्रेकची, २६ इंची साधी लोखंडी सायकल मिळवून दिली. ती बुटकी असल्याने सीटवर बसल्या बसल्या दाजींचे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. बायपास झालेल्या माणसाला याहून मोठी सोय कोणती?

दुसऱ्या दिवशी सकाळी खिचडी-खट्टा खाऊन आमची कार्यशाळा सुरू झाली. दाजी खुर्चीवर, मी फरशीवर मांडी घालून. मोटारीचा तुंबा रुंद असल्याने मागचा चिमटा थोडा फाकवावा लागला. लोखंड ते सोसते, पण दोन्ही बाजू सारख्या फाकल्या पाहिजेत. मी डोळ्यांनी अंदाज घेऊ लागलो तसे दाजी म्हणाले, "डोळा खोटं बोलतो. सुतळी घे." एका खाचेपासून सुतळी निघाली, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आली. सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजायचे. सारखे भरले तर चिमटा सरळ. डावीकडे तीन मिलिमीटर जास्त निघाले. दाजींनी कुठे किती जोर लावायचा ते बोटाने दाखवले आणि तिसऱ्या खेपेला सुतळी बरोबर उतरली. मला वृत्तात बसलेली ओळ सापडल्यासारखे वाटले.

मग तारा. मोटारीतून तीन जाड तारा येतात आणि पाच बारीक. जाड तारांतून शक्ती जाते. बारीक तारा मोटारीतल्या तीन हॉल सेन्सरच्या. चाकातले चुंबक या क्षणी कुठे आहेत ते हे सेन्सर कंट्रोलरला कळवतात आणि त्याप्रमाणे तो एकेका वेटोळ्यात आळीपाळीने वीज सोडतो. पिवळ्याला पिवळी, हिरव्याला हिरवी, निळ्याला निळी. ब्रेकच्या मुठींत बटणे असतात. ब्रेक आवळला की मोटार तत्काळ बंद. पायडलच्या दांड्यामागे चुंबकांची एक चकती बसते, तिच्यावरून पायडल फिरते आहे हे कळते. ही चकती मी उलटी बसवली. त्यामुळे पायडल पुढे मारले की मोटार गप्प आणि मागे फिरवले की चाक भन्नाट पुढे! दाजी इतके हसले की आक्का छातीच्या काळजीने धावत बाहेर आली.

बॅटरीची मात्र तिला खरी भीती होती. २०२२ च्या सप्टेंबरात सिकंदराबादेत विजेच्या स्कूटरींच्या दुकानाला आग लागून वरच्या हॉटेलातली आठ माणसे गेली, ते ती विसरली नव्हती. तिने नियम घातला: बॅटरी घरात येणार नाही. व्हरांड्यात, उघड्या फरशीवर, दिवसा, कोणीतरी जागे असताना चार्ज करायची. दाजी म्हणाले, "हिने इंजिनिअर व्हायला पाहिजे होतं." त्या डब्यात तीस सेल, तीन-तीन सेलांचे दहा गट एकामागे एक जोडलेले. दर गटाचे ३.६ व्होल्ट धरले की ३६ होतात. पूर्ण भरली की ४२. साठा साधारण २७० वॉट-तास, म्हणजे पाव युनिटाहून थोडी जास्त वीज. ग्रंथसंग्रहालयाच्या चार-पाच फेऱ्यांना ती सहज पुरते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

तुंब्यातल्या मोटारीचा एक्सल गोल नसतो. १२ मिलिमीटरचा असतो, पण दोन बाजूंनी घासून १० मिलिमीटर सपाट केलेला. चिमट्याच्या खाचेत त्या सपाट बाजू घट्ट बसायला हव्यात. कारण मोटार चाकाला पुढे ढकलते तितक्याच जोराने चाक एक्सलला मागे पिरगाळते. एक्सल खाचेत फिरू नये म्हणून दोन्हीकडे नाक असलेला एकेक वायसर येतो. त्याचे भोक एक्सलसारखे चपटे आणि नाक खाचेत अडकणारे. मी खाच कानशीने घासताना हात जरा जास्त चालवला होता. म्हणजे डावीकडे एक्सलला आधीच खेळ होता. दुपारी दाजी झोपले असता मी चाक चढवले, चेन ओढून घेतली, नट आवळले, तारा पट्टीने बांधल्या, आणि उभा राहिलो तो पायाशी डाव्या बाजूचा वायसर. तो बसवायचा म्हणजे सगळे पुन्हा सोडायचे; तासाभराचे काम. दाजी उठतील तेव्हा सायकल उभी दिसावी, अशी मला हौस. वायसर तो वायसर, असे म्हणत मी तो सदऱ्याच्या खिशात टाकला.

दाजी उठले. सायकलीभोवती एक चक्कर मारली. "खोक्यात काही उरलं का रे?" "नाही," मी म्हणालो. खोक्यात खरेच काही नव्हते.

"उद्या सकाळी मी बसतो," ते म्हणाले. "आज तू गल्लीत एक फेरी मार."

मी बसलो आणि उभ्या सायकलीला अंगठ्याने एकदम पूर्ण शक्ती दिली. मागून खट्ट असा आवाज आला, चाक तिरके होऊन चिमट्यात अडकले आणि मी कोपरावर आपटलो. सदरा फाटला, कोपर सोलपटले. दाजी खुर्चीवरून उठून आले. आधी माझा हात पाहिला, मग खाली बसून एक्सल. तो पाव वळसा फिरला होता आणि फिरताना त्याने तारांना पीळ दिला होता; एक बारीक तार तुटून लोंबत होती. उजवीकडचा वायसर नाक मोडून पडला होता.

"डावीकडचा वायसर कुठे आहे?"

"खोक्यात आलाच नव्हता," मी म्हणालो.

पंचावन्न वर्षे उलटलेल्या, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य इतक्या सहज निघाले की माझे मलाच नवल वाटले. दाजी काही बोलले नाहीत. "बरं," म्हणाले आणि आत गेले.

रात्री मला झोप आली नाही. कोपर दुखत होते, पण ते कारण नव्हते. सकाळी गल्लीतून रस्त्यावर निघून चढाला लागताना दाजींनी शक्ती दिली असती तर? मागे बस असती तर? आणि मला आठवला आठवीतला एक मुलगा. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतले एक भिंग त्याच्या हातून फुटले. 'मी नाही फोडलं' म्हणाला आणि तुकडे त्याच्या दप्तरात सापडले. फुटल्याबद्दल नव्हे, खोटे बोलल्याबद्दल म्हणून मी त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभे केले आणि सत्यावर दहा मिनिटे बोललो. चांगले बोललो होतो; शिक्षकांनी नंतर तसे सांगितलेही. तो मुलगा पुढे आठवडाभर शाळेत आला नाही. आला तेव्हा माझ्याकडे पाहत नसे. तो का खोटे बोलला असेल, हे मला त्या रात्री काचीगुड्याच्या गच्चीवर प्रथम कळले. फसवायला नव्हे. ज्याच्या नजरेत आपण चांगले असावे असे वाटते, त्याची नजर क्षणभर पुढे ढकलायला.

सकाळी उठून व्हरांड्यात आलो. स्टुलावर दाजींच्या गोळ्यांच्या डबीशेजारी तो वायसर ठेवला होता. आक्काने फाटका सदरा भिजवताना खिसे तपासले असणार. दाजी पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "सापडला बघ."

एवढेच. कुठे सापडला, कोणी ठेवला, काही नाही. दार त्यांनी उघडे ठेवले होते. आत जायचे की नाही हे माझ्यावर होते.

मी खाली फरशीवर बसलो आणि सगळे सांगितले. दाजींनी पेपरची घडी घातली. "खाच जास्त घासलीस ते मी कालच पाहिलं. हात नवा आहे, होतं तसं. पण टेबलावर पार्ट उरला की काम झालेलं नसतं. कारखान्यात आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. उरलेला पार्ट लपवला, की दुसऱ्याचा हात जातो." थोडे थांबून म्हणाले, "मीही एकदा लपवला होता." कोणाचा हात गेला ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

मिस्त्रींनी तुटलेली तार डाग देऊन जोडली, वर नळी चढवली. रुंद झालेल्या खाचेसाठी लोखंडाचा एक हात केला: एक टोक एक्सलच्या सपाट बाजूंवर घट्ट, दुसरे चिमट्याला पट्टीने आवळलेले. आता एक्सलला फिरायचे तर सगळा चिमटा फिरवावा लागेल. उजवीकडे नवा वायसर, डावीकडे माझ्या खिशातला. तारा एक्सलच्या तोंडाशी खाली झुकत्या ठेवल्या, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून मोटारीत न जाता टोकाला गळून पडेल. या वेळी नट मीच आवळले. दाजींनी हात लावला नाही, पण नजर हलवली नाही.

त्या संध्याकाळी ऐवजी दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना, दाजी जुन्या चामड्याच्या सीटवर बसले. जुनी घंटी एकदा वाजवून पाहिली. पायडलला पाय लावला, अर्धा फेरा गेला, आणि मोटारीने बारीक गुणगुण करत भार उचलला. चौकापुढे थोडा चढ आहे. मी मागे चालत होतो, धावू लागलो, आणि मग धावणे सोडून दिले. ते पुढे निघून गेले होते. परत आले तेव्हा त्यांचा श्वास नेहमीसारखा होता. म्हणाले, "पाय मारला तरच देते. फुकट देत नाही. चांगली आहे."

शाळा सुरू झाल्यापासून दर रविवारी आमचा फोन होतो. तब्येत आधी सायकलची, मग आमची. एक्सलचे नट पहिल्या महिन्यात दर आठवड्याला तपासायचे, कारण नवे लोखंड बसते तसे ते सैल होतात. मोटारीच्या चाकाला जास्त ओढ असते म्हणून स्पोक बोटांनी वाजवून पाहायचे. एखादा बद्द वाजला की तो सैल, आणि एक सैल झाला की शेजारचे तुटतात. रिमचा आऊट काढायचा. चेन पुसून मगच तेल, नाहीतर तेलाने धूळ धरते. उन्हातून आल्या आल्या बॅटरी चार्ज करायची नाही, आधी निवू द्यायची. पार रिकामी होऊ द्यायची नाही, आणि महिनाभर चालवायची नसेल तर अर्धी भरून सावलीत ठेवायची. सायकल धुताना ओले फडके. पाण्याचा फवारा नाही. हे सगळे दाजी वहीत लिहून ठेवतात, तारखेसह. शेवटी विचारतात, "तिकडं काय मोडलं?" मी सांगतो. मुख्याध्यापकाकडे मोडक्या गोष्टींची उणीव नसते.

जुलैमध्ये सातवीच्या वर्गातली नवी घड्याळाची काच फुटली. वर्गात गेलो तर सगळे खाली माना घालून बसलेले. मधल्या रांगेतल्या एका मुलीची मूठ घट्ट मिटलेली होती. प्रार्थनेचे मैदान, दहा मिनिटांचे भाषण, सगळे माझ्या जिभेवर तयार होते. मी टेबलावर हात ठेवला आणि म्हणालो, "काचेचे तुकडे कोणाला सापडले तर कार्यालयात आणून द्या. हाताला लागतील, जपून आणा."

मधल्या सुटीत दारात सावली पडली. मी पेपर खाली केला नाही. "सापडले का?" असे फक्त विचारले.